अंतराळातील रडार आणि पावसाचे मोजमाप : प्रतिध्वनीपासून मिलिमीटरपर्यंत

गोषवारा : उपग्रहावरील रडारच्या साहाय्याने पाऊस मोजण्याचे तंत्र १९९७ पासून वापरात आहे. या तंत्राने मिळणारी पावसाची आकडेवारी भूगोल, कृषिविज्ञान, अर्थशास्त्र, जलव्यवस्थापन अशा अनेक विद्याशाखांतील संशोधनात आज सर्रास उपयोगात आणली जाते. तथापि रडार प्रत्यक्षात पाऊस मोजत नाही, तर पावसाच्या थेंबांवरून परतलेली ऊर्जा मोजते. या ऊर्जेचे मिलिमीटरमध्ये रूपांतर होताना कोणती गृहीतके स्वीकारावी लागतात, ती कोठे टिकतात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यासारख्या प्रदेशात कोठे अपुरी पडतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : पर्जन्यरडार, परावर्तकता, क्षीणन, टीआरएमएम, जीपीएम, प्रतिरोध पर्जन्य, सह्याद्री

१. प्रस्तावना

तापमान, वायुदाब, आर्द्रता या घटकांच्या तुलनेत पाऊस हा मोजण्यास अवघड घटक आहे. तापमान एका गावाहून शेजारच्या गावी जाताना हळूहळू बदलते; पाऊस तसा बदलत नाही. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. त्याच अवधीत त्याच शहरातील कुलाबा वेधशाळेची नोंद सुमारे ७४ मिलिमीटर होती. दोन्ही आकडे अचूक होते. मात्र त्यांपैकी कोणत्याही एकावरून 'मुंबईचा पाऊस' सांगता आला नसता.

पर्जन्यमापक हे पावसाला प्रत्यक्ष स्पर्श करणारे साधन आहे आणि हीच त्याची मर्यादाही आहे. सायमन्स पद्धतीच्या मापकाचे तोंड १२७ मिलिमीटर व्यासाचे असते. असे दहा हजार मापक एकत्र मांडले, तरी त्यांच्या तोंडांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या वर्गखोलीएवढे भरते. एवढ्या तोकड्या नमुन्यावरून राज्याच्या किंवा देशाच्या पावसाचे अनुमान करावे लागते. शिवाय पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला असून तेथे मापकांचे जाळे उभारणे शक्य नाही. मोसमी पावसाचे ढग अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावर आकार घेतात. तेथे किती पाऊस पडला, हे भूपृष्ठावरील साधनांनी कधीच नीट कळू शकले नाही.

पावसाच्या मोजणीला हवामानशास्त्रात आणखी एक महत्त्व आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे एक किलोग्रॅम पाणी पडणे होय. वाफेचे एवढे पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता वातावरणात मुक्त होते. उष्ण कटिबंधातील वाऱ्यांच्या अभिसरणाला गती देणारी ही एक प्रमुख ऊर्जा आहे. म्हणून पाऊस किती पडला याबरोबरच तो किती उंचीवर तयार झाला, हेही जाणून घेणे आवश्यक ठरते.

२. वरून पाहण्याचे तीन मार्ग

अंतराळातून पावसाचा अंदाज घेण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग अवरक्त किरणांचा. भूस्थिर उपग्रह ढगांच्या माथ्याचे तापमान टिपतात. माथा जितका थंड तितका ढग उंच, आणि ढग जितका उंच तितका पाऊस अधिक, असे गृहीत धरले जाते. या पद्धतीत एकाच प्रदेशाचे निरीक्षण दर अर्ध्या तासाला किंवा त्याहूनही कमी वेळात घेता येते, परंतु जे दिसते ते ढगाचे छप्पर असते. छपराखाली काय चालले आहे ते दिसत नाही.

दुसरा मार्ग सूक्ष्मतरंग प्रारणमापकाचा. हे साधन स्वतः तरंग सोडत नाही. पृथ्वी आणि वातावरण यांतून नैसर्गिकरीत्या बाहेर पडणारे सूक्ष्मतरंग ते टिपते. समुद्राचा पृष्ठभाग या तरंगांत 'थंड' दिसतो आणि पावसाचे थेंब त्या पार्श्वभूमीवर 'उष्ण' दिसतात. त्यामुळे समुद्रावरील पाऊस चांगला ओळखता येतो. जमीन मात्र स्वतःच तेजस्वी असल्याने थेंब तिच्यातून वेगळे ओळखता येत नाहीत. तेथे ढगाच्या वरच्या भागातील हिमकणांमुळे होणाऱ्या विकिरणावर विसंबावे लागते. म्हणजे जमिनीवर हे साधन पावसाऐवजी पावसाच्या वरचा बर्फ पाहते.

तिसरा मार्ग रडारचा. रडार स्वतः तरंगांचा स्पंद सोडते, थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी टिपते आणि स्पंद सोडल्यापासून तो परत येईपर्यंतच्या वेळेवरून अंतर काढते. त्यामुळे पाऊस कोठे आहे एवढेच नव्हे, तर तो कोणत्या उंचीवर आहे, हेही समजते. तीन मार्गांपैकी ढगाच्या आतील पावसाची थरवार रचना थेट दाखवणारा हा एकच मार्ग आहे.

३. टीआरएमएम ते जीपीएम

अंतराळात नेलेले पहिले पर्जन्यरडार 'ट्रॉपिकल रेनफॉल मेजरिंग मिशन' अर्थात टीआरएमएम या अमेरिका व जपान यांच्या संयुक्त उपग्रहावर होते. २७ नोव्हेंबर १९९७ रोजी (जागतिक प्रमाणवेळेनुसार) जपानमधील तानेगाशिमा येथून त्याचे प्रक्षेपण झाले. १९८६ पासून या मोहिमेची वैज्ञानिक धुरा जोआन सिम्पसन यांनी वाहिली. हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला होत. उपग्रहाची कक्षा विषुववृत्ताशी ३५ अंशांचा कोन करणारी होती. ही कक्षा सूर्याशी बांधलेली नसल्याने एकाच स्थळावरून तो दररोज वेगवेगळ्या घटकेला जात असे. परिणामी दुपारी, मध्यरात्री किंवा पहाटे पडणाऱ्या पावसाचा दैनंदिन क्रम प्रथमच संपूर्ण उष्ण कटिबंधासाठी अभ्यासता आला.

तीन वर्षांसाठी आखलेली ही मोहीम सतरा वर्षांहून अधिक काळ चालली. २०१४ मध्ये इंधन संपत आले, एप्रिल २०१५ मध्ये उपकरणे बंद करण्यात आली आणि जून २०१५ मध्ये उपग्रह वातावरणात प्रवेशून नष्ट झाला. तत्पूर्वीच २७ फेब्रुवारी २०१४ रोजी 'ग्लोबल प्रेसिपिटेशन मेजरमेंट' म्हणजेच जीपीएम या मोहिमेचा मुख्य उपग्रह अवकाशात गेला होता. त्याच्या कक्षेचा कोन ६५ अंशांचा असल्याने समशीतोष्ण प्रदेशातील पाऊस आणि हिमवर्षावही त्याच्या टप्प्यात आले. चीनने २०२३ मध्ये सोडलेल्या फेंगयुन-३जी या उपग्रहावरही दोन वारंवारतांचे पर्जन्यरडार आहे. भारत व फ्रान्स यांच्या मेघा-ट्रॉपिक्स या उपग्रहाने (प्रक्षेपण २०११) जीपीएमच्या उपग्रहसमूहाला निरीक्षणे पुरवली. मात्र त्यावर रडार नव्हते, सूक्ष्मतरंग टिपणारी साधने होती.

४. प्रतिध्वनीचे वाचन

टीआरएमएमवरील रडारची वारंवारता १३.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे २.२ सेंटिमीटर होती. जमिनीवरील मोठी हवामान-रडारे सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे तरंग वापरतात, कारण असे तरंग मुसळधार पावसातूनही फारसे क्षीण न होता पार जातात. मग अंतराळात आखूड तरंग का निवडले? उत्तर अँटेनाच्या आकारात आहे. शलाका जितकी अरुंद हवी तितका अँटेना तरंगलांबीच्या मानाने मोठा लागतो. सुमारे दोन मीटरच्या अँटेनाने ३५० किलोमीटर उंचीवरून भूपृष्ठावर ४.३ किलोमीटर व्यासाचा ठसा मिळत असे. तेवढाच ठसा १० सेंटिमीटरच्या तरंगांनी मिळवायचा तर जवळजवळ दहा मीटरचा अँटेना अवकाशात न्यावा लागला असता.

उंची कशी कळते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उपग्रह ४०० किलोमीटर उंचीवर असून सरळ खाली पाहत असेल, तर जमिनीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीस सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. चार किलोमीटर उंचीवरील थेंबांचा प्रतिध्वनी त्याच्या सुमारे २७ मायक्रोसेकंद आधी पोहोचतो. वेळेतील असे सूक्ष्म फरक मोजून पावसाच्या स्तंभाचे २५० मीटर जाडीचे थर वेगळे करता येतात. संथ, सर्वदूर पावसात या स्तंभात साधारणपणे शून्य अंश तापमानाच्या पातळीखाली एक ठळक पट्टा उमटतो. तेथे हिमकण वितळू लागतात. पाण्याचा थर चढलेला मोठा हिमकण रडारला मोठ्या थेंबासारखा भासतो आणि प्रतिध्वनी अचानक वाढतो. जोरदार सरींच्या उभ्या ढगांत असा पट्टा सहसा दिसत नाही. या भेदामुळे संथ पाऊस आणि सरींचा पाऊस यांचे वर्गीकरण शक्य होते.

५. परावर्तकता म्हणजे पाऊस नव्हे

येथवर मोजमापाचा भाग झाला. यापुढे अनुमानाचा भाग सुरू होतो. थेंबाचा व्यास तरंगलांबीच्या मानाने लहान असेल, तर त्यावरून परतणारी ऊर्जा व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. थेंबातील पाणी मात्र व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात असते. या दोन घातांमधील तफावत हा रडारद्वारे पाऊस मोजण्यातील मूलभूत प्रश्न आहे.

दोन मिलिमीटर व्यासाचा एक थेंब एक मिलिमीटर व्यासाच्या ६४ थेंबांइतका प्रतिध्वनी देतो. परंतु त्या एका थेंबात लहान आठ थेंबांइतकेच पाणी असते. म्हणजे रडारला अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन ढगांपैकी एकात दुसऱ्याच्या आठपट पाणी असू शकते. पाऊस किती पडतो आहे हे सांगण्यासाठी थेंब कोणत्या आकाराचे आहेत, हे आधी माहीत असावे लागते. आणि एका वारंवारतेच्या रडारला ते थेट कळत नाही.

यावर अनुभवजन्य सूत्रांचा आधार घेतला जातो. मार्शल आणि पामर यांच्या १९४८ मधील कार्यावरून रूढ झालेल्या सूत्रानुसार ताशी मिलिमीटरमधील वृष्टिदराचा १.६ वा घात घेऊन त्यास २०० ने गुणले असता परावर्तकता मिळते. या सूत्रानुसार परावर्तकता दुप्पट झाली तर वृष्टिदर सुमारे दीडपट होतो. परंतु सूत्रातील दोन्ही स्थिरांक थेंबांच्या आकारांच्या वितरणावर अवलंबून असतात, आणि हे वितरण समुद्रावर, मैदानात व डोंगरावर एकच नसते.

६. क्षीणन आणि दुसरी वारंवारता

दुसरी अडचण क्षीणनाची. अंतराळातील रडारचे आखूड तरंग पावसातून जाताना दुर्बल होत जातात. पाऊस जितका जोरदार तितके खालच्या थरांचे चित्र फिकट होते. म्हणजे जेथे अचूकतेची सर्वाधिक गरज असते, नेमकी तेथेच त्रुटी वाढते. हित्शफेल्ड आणि बोर्डन यांनी १९५४ मध्ये या क्षीणनाची दुरुस्ती करण्याची गणिती रीत दिली. परंतु ती वरून खाली पायरीपायरीने चालत असल्याने प्रारंभीची लहान चूक तळाशी फार मोठी होऊ शकते.

उपग्रहावरील रडारला येथे एक सोय उपलब्ध आहे : त्याच्या प्रत्येक शलाकेच्या तळाशी पृथ्वीचा पृष्ठभाग असतो. शेजारच्या कोरड्या भागातील समुद्राचा प्रतिध्वनी आणि पावसाखालील समुद्राचा प्रतिध्वनी यांतील फरक म्हणजे पावसाने वाटेत शोषलेली व विखुरलेली एकूण ऊर्जा होय. हे एकूण माप हाती आल्यावर वरून खाली येणाऱ्या गणिताला लगाम बसतो. समुद्रावर ही पद्धत समाधानकारक चालते. जमिनीवर मात्र शेत, जंगल, ओली माती, खडक यांचे प्रतिध्वनी मुळातच भिन्न असल्याने 'कोरड्या भागाशी तुलना' हा आधार डळमळीत होतो.

जीपीएमच्या मुख्य उपग्रहावर यासाठी दोन वारंवारतांचे रडार बसवण्यात आले : एक १३.६ गिगाहर्ट्झचे आणि दुसरे ३५.५ गिगाहर्ट्झचे. दुसऱ्याची तरंगलांबी सुमारे साडेआठ मिलिमीटर आहे. एवढ्या आखूड तरंगांच्या दृष्टीने पावसाचे मोठे थेंब 'लहान' राहत नाहीत आणि सहाव्या घाताचा नियम त्यांना लागू पडत नाही. त्यामुळे एकाच थेंबसमूहाकडे पाहताना दोन्ही वारंवारतांच्या उत्तरांत फरक पडतो, आणि या फरकावरून थेंबांच्या सरासरी आकाराचा अंदाज बांधता येतो. पूर्वी जे गृहीत धरावे लागत होते, त्याचा काही भाग आता मोजता येतो. आखूड तरंग हलका पाऊस व हिमवर्षाव अधिक चांगला टिपतात. मुसळधार पावसात मात्र ते लवकर क्षीण होतात.

७. सह्याद्री : 'अमित' पावसाचा प्रदेश

कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त कोष्ठागारात एक अरत्नी रुंदीच्या तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजण्याची योजना आहे. अवंतीच्या पावसाचे प्रमाण तेवीस द्रोण असे सांगणारा हा ग्रंथ अपरांताचा, म्हणजे कोकणपट्टीचा पाऊस मात्र 'अमित' ठरवतो. अंतराळातील रडारच्या बाबतीतही हा प्रदेश कसोटीचा ठरला आहे, आणि त्याची कारणे भौतिक आहेत.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्याशी अडून वर चढतात. या प्रतिरोध पर्जन्याचे ढग पुष्कळदा उथळ असतात. त्यांचे माथे पावसाळ्यातील शून्य अंशाच्या, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरच्या पातळीच्या फारसे वर जात नाहीत, आणि बर्फाच्या मध्यस्थीविना केवळ थेंबांच्या एकत्रीकरणातून मोठा पाऊस पडतो. अत्सुशी हमादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये टीआरएमएमच्या नोंदींवरून असे दाखवून दिले, की सर्वाधिक तीव्र पाऊस आणि सर्वाधिक उंच ढग यांचा संबंध समजला जातो तितका घट्ट नाही. पश्चिम घाट हे याचे जवळचे उदाहरण म्हणता येईल.

अशा पावसात तिन्ही मार्ग एकाच दिशेने चुकण्याचा धोका असतो. ढगांचे माथे फारसे थंड नसल्याने अवरक्त पद्धत पाऊस कमी दाखवते. हिमकण विरळ असल्याने जमिनीवर प्रारणमापकाला पाऊस पुरेसा जाणवत नाही. लहान थेंबांची संख्या मोठी असेल, तर पाण्याच्या मानाने प्रतिध्वनी दुबळा येतो आणि रडारही पाऊस कमी लेखते. त्यातच भूपृष्ठाच्या स्वतःच्या प्रबळ प्रतिध्वनीमुळे रडारला जमिनीलगतचा थर वाचता येत नाही. पट्ट्याच्या कडेला शलाका सुमारे १७ अंशांनी तिरपी होते. पाच किलोमीटरच्या ठशाचा विचार करता तेथे जवळजवळ दीड किलोमीटर उंचीपर्यंतचा पाऊस भूपृष्ठाच्या प्रतिध्वनीत मिसळून जातो. डोंगराळ भागात हा अंध थर अधिकच वाढतो. उथळ ढगांतील थेंब नेमके या खालच्या थरात वाढत असतात. तिन्ही साधनांचे आकडे परस्परांशी जुळले, तरी त्या जुळण्यातून अचूकता सिद्ध होत नाही, हा येथील महत्त्वाचा धडा आहे.

यास्तव जमिनीवरील निरीक्षणांचे मोल कमी झालेले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची महाबळेश्वर येथील उच्चस्थानी मेघभौतिकी प्रयोगशाळा आणि मांढरदेव येथे बसवलेले रडार यांतून घाटावरील थेंबांच्या आकारांचे जे ज्ञान मिळते, ते उपग्रहाच्या गणितातील गृहीतके तपासण्यास उपयुक्त आहे.

८. संगणकातील चौकट आणि तिचा अर्थ

रडारचा पट्टा अरुंद असल्याने एखाद्या गावावरून तो काही दिवसांतून एकदाच जातो, आणि तोही काही सेकंदच. त्यामुळे रोजचा पाऊस केवळ रडारने मोजता येत नाही. त्याचे खरे कार्य संदर्भमानाचे आहे. अनेक देशांच्या उपग्रहांवरील प्रारणमापकांची निरीक्षणे जीपीएमच्या मुख्य उपग्रहाशी जुळवून घेतली जातात, मधल्या वेळेतील पोकळी भूस्थिर उपग्रहांच्या अवरक्त चित्रांनी भरली जाते आणि 'आयमर्ग' या नावाने ०.१ अंशाच्या चौकटींत दर अर्ध्या तासाचा पाऊस उपलब्ध होतो. भारतातही पर्जन्यमापकांच्या व उपग्रहांच्या नोंदी एकत्र करून दैनिक पर्जन्याचे नकाशे तयार केले जातात.

महाविद्यालयीन संशोधनात हीच आकडेवारी वापरली जाते. तिचा उपयोग करताना काही बाबींचे भान आवश्यक आहे. पहिली बाब क्षेत्रफळाची. महाराष्ट्राच्या अक्षांशावर ०.१ अंशाची चौकट सुमारे ११७ चौरस किलोमीटरची असते. तिच्यातील आकडा हा सरासरी असतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पंचवीस-तीस किलोमीटरवरील वाईला हजार मिलिमीटरही पडत नाही. एवढा उतार दोन-तीन चौकटींत कोंबला जातो. एका मापकाची अशा चौकटीशी थेट तुलना करून उपग्रहाला दोष देणे किंवा त्याची प्रशंसा करणे, दोन्ही घाईचे ठरेल.

दुसरी बाब आवृत्तीची. काही तासांत मिळणारी प्राथमिक आवृत्ती पूरविषयक कामासाठी असते. काही महिन्यांनी येणारी अंतिम आवृत्ती मापकांच्या मासिक नोंदींशी जुळवलेली असते. ज्या मापकांनी दुरुस्ती झाली, त्याच मापकांशी अंतिम आवृत्ती ताडून पाहिली, तर ती पडताळणी स्वतंत्र राहत नाही. तिसरी बाब दीर्घकालीन कलाची. ऑगस्ट २००१ मध्ये टीआरएमएमची कक्षा ३५० वरून सुमारे ४०० किलोमीटरवर नेण्यात आली. २०१४ नंतर साधन बदलले. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीपीएमच्या मुख्य उपग्रहाची कक्षाही उंचावण्यात आली. उंची वाढली की ठसा मोठा होतो आणि परतणारी ऊर्जा घटते. हे फरक विचारात न घेता आकड्यांच्या मालिकेतून 'पाऊस वाढला' किंवा 'घटला' असा निष्कर्ष काढल्यास साधनातील बदल हवामानबदल म्हणून नोंदवला जाण्याची शक्यता असते. तालुक्याच्या टंचाईचा किंवा धरणातील आवकेचा विचार अशा निष्कर्षावर होणार असेल, तर ही चूक केवळ प्रबंधापुरती मर्यादित राहत नाही.

९. समारोप

अंतराळातील रडारने समुद्रावरील पाऊस, पावसाची थरवार रचना आणि त्याचा दैनंदिन क्रम यांचे जे ज्ञान दिले, ते अन्य कोणत्याही साधनाने मिळाले नसते. दोन वारंवारतांच्या वापराने थेंबांच्या आकाराचा जुना प्रश्नही अंशतः सुटला आहे. तथापि उपग्रहाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे प्रतिध्वनी, क्षीणनाची दुरुस्ती, थेंबांच्या आकाराचे अनुमान आणि अंध थराविषयीचा तर्क अशी साखळी उभी असते. समुद्र व सपाट प्रदेशात ही साखळी बरीच मजबूत आहे. घाटमाथ्यावर ती ताणली जाते. त्यामुळे महाराष्ट्रातील अभ्यासकाने उपग्रहाची आकडेवारी वापरताना आपला प्रदेश या साखळीच्या कोणत्या कडीवर ताण आणतो, हे प्रथम तपासावे आणि घाटावरील एखाद्या शाळेच्या अंगणात नियमितपणे वाचला जाणारा साधा पर्जन्यमापक कालबाह्य समजू नये. उपग्रहाच्या आकड्याला जमिनीवर पडताळून पाहण्याचे साधन अखेर तोच पुरवतो.